पॉझिटिव्ह आला तर पुढे काय? कॅन्सर रुग्णांमधल्या विषाणू-तपासणीचा अभ्यास आखताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरात एमडी मायक्रोबायोलॉजीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका डॉक्टरांना प्रबंधासाठी ‘कॅन्सरच्या रुग्णांमध्ये हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्हीचे प्रमाण’ हा विषय घ्यायचा आहे. शंभर रुग्ण, प्रत्येकाच्या तीन कार्ड टेस्ट (छोट्या कार्डावर काही मिनिटांत होणाऱ्या तपासण्या), शेवटी टक्केवारी. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा लेखी आराखडा, द्यायला महिना उरला आहे. आराखडा बरोबर आहे का, आणि शंभर पुरतील का, असे त्यांनी विचारले आहे.

शंभर पुरणार नाहीत. पण आकड्याकडे नंतर येतो. आधी मला तुमच्या सिनॉप्सिसमध्ये एक परिच्छेद हवा आहे, जो आत्ता त्यात नाही: ज्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल त्याला कोण, किती दिवसांत, काय सांगणार, आणि त्याच्या केमोत त्यामुळे काय बदलणार? हा परिच्छेद लिहायला बसलात की बाकीचा आराखडा आपोआप बदलायला लागतो. कोणत्या तपासण्या करायच्या, रक्त कधी घ्यायचे, कोणाला मोजायचे, सगळे त्यातून ठरते.

मी हे इतक्या आग्रहाने का म्हणतो ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी ज्या ठिकाणी काम करत होतो तिथे लिम्फोमाचा (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरचा) एक रुग्ण होता. चाळिशीतला, अक्कलकोट रोडवरच्या यंत्रमागावर कामाला. केमोआधी एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीचा चालू संसर्ग दाखवणारी) कार्ड टेस्ट झाली, निगेटिव्ह आली, फाइलला लागली. रिटुक्सिमॅब या औषधासह केमोच्या सहा सायकल पूर्ण झाल्या, गाठी विरघळल्या, घरच्यांनी पेढे आणले. शेवटच्या सायकलनंतर चार महिन्यांनी तो परत आला तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे होते. मधले तीन आठवडे गावाकडे कावीळ उतरवण्याचे औषध चालू होते. आता एचबीएसएजी पॉझिटिव्ह होता. लिव्हर वाचले नाही. नंतर फ्रीजरमध्ये त्याचा पहिला सीरम सापडला, म्हणून मी त्यावर अँटी-एचबीसी (जुना संसर्गही दाखवणारी अँटीबॉडी) लावले. पॉझिटिव्ह. म्हणजे जुना संसर्ग पहिल्या दिवशी रक्तात सही करून बसलेला होता, आणि ती सही वाचणारी तपासणी आम्ही केलीच नव्हती. कॅन्सर बरा झालेला माणूस कावीळ ब ने, म्हणजे हिपॅटायटिस बीने, गेला. त्यानंतर ‘फक्त एचबीएसएजी’ असे लिहिलेला एकही प्रोटोकॉल मी सही करून पुढे पाठवलेला नाही.

तेव्हा पहिली दुरुस्ती तपासण्यांची. हिपॅटायटिस बीसाठी तीन गोष्टी हव्यात: एचबीएसएजी, अँटी-एचबीसी (टोटल किंवा आयजीजी, आयजीएम चालत नाही, ते ताज्या संसर्गासाठी असते) आणि अँटी-एचबीएस (लस किंवा जुन्या संसर्गानंतरची संरक्षक अँटीबॉडी). अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एस्कोने, २०२० साली हेच तिन्ही सर्व रुग्णांसाठी सुचवले, शरीरभर जाणारे कॅन्सरचे उपचार सुरू होण्याआधी किंवा सुरू होताना. सोबत हेही सांगितले की रिपोर्टसाठी केमो थांबवून ठेवू नका. रिटुक्सिमॅबच्या वेष्टनावर या धोक्याचा, म्हणजे दबलेला हिपॅटायटिस बी उपचारात उसळण्याचा, चौकटीतला इशारा २०१३ पासून आहे. आपले प्रौढ रुग्ण बालपणी ही लस मिळालेल्या पिढीतले नाहीत. राष्ट्रीय लसीकरणात हिपॅटायटिस बीची लस २००२ च्या सुमारास प्रायोगिक तत्त्वावर आली आणि देशभर पोचायला २०११ उजाडले. पन्नाशीच्या विडी कामगार बाईला ती मिळालेली असण्याची शक्यता जवळपास नाहीच.

हिपॅटायटिस सीचे अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू अंगात आहेच असे नव्हे. साधारण तीनांतल्या एकाच्या शरीराने तो स्वतःहून काढून टाकलेला असतो. त्यामुळे आरएनए (प्रत्यक्ष विषाणू शोधणाऱ्या) तपासणीशिवाय ‘एचसीव्ही बाधित’ हा शब्द प्रबंधात वापरू नका. एचआयव्ही एका कार्डवर ठरवायचा नाही. लक्षणे नसलेल्या माणसाचे निदान तीन वेगवेगळ्या तत्त्वांच्या किटवर होते आणि त्यासाठी आयसीटीसी (सरकारी एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्र) आहे, समुपदेशकासह.

या तिन्ही विषाणूंची तपासणी एकत्रच का करायची, हे सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत लिहा. परीक्षक विचारतील आणि उत्तर खरोखर महत्त्वाचे आहे. हिपॅटायटिस बीसाठी एंटेकॅव्हिर हे औषध सुरू केले आणि रुग्णाला एचआयव्ही आहे हे कुणाला माहीतच नसेल, तर ते औषध एकटे एचआयव्हीवर अर्धवट काम करते आणि प्रतिकारक्षम विषाणू निवडून वर आणते. हिपॅटायटिस सीची गोळ्यांची बारा आठवड्यांची ट्रीटमेंट दिली आणि खाली बी लपलेला असेल तर तो उसळू शकतो. एकाचे उत्तर दुसऱ्याशिवाय वापरता येत नाही. एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषाणू) यात घ्यावा का, असेही तुम्ही विचारले आहे. तो या अभ्यासात घालू नका. तिथे विषाणू हा कॅन्सरचे कारण असतो, इथे उपचारातला धोका. प्रश्नच वेगळा.

आता कार्ड टेस्टबद्दल. समजा एखाद्या संसर्गाचे प्रमाण १ टक्का आहे आणि किटची स्पेसिफिसिटी (निरोगी माणसाला निगेटिव्हच दाखवण्याची क्षमता) ९९ टक्के. हजार रुग्णांत खरे बाधित १०, आणि निरोगी ९९० पैकी सुमारे १० जण खोटे पॉझिटिव्ह. हातात २० पॉझिटिव्ह कार्डे, त्यांतली निम्मी चुकीची. ज्या बाईला कालच स्तनाचा कॅन्सर सांगितला तिला आज हेही सांगायचे, तर खात्रीची दुसरी तपासणी झाल्याशिवाय सांगू नका. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे काय, प्रत्येक विषाणूसाठी कोणत्या तपासण्यांच्या कोणत्या क्रमाने, हे सिनॉप्सिसमध्ये आधीच लिहून टाका.

यानंतर रक्त कधी घ्यायचे. आपल्याकडे रुग्ण येतो तेव्हा हिमोग्लोबिन सहा-सात असते. वॉर्डात पहिले काम काय होते? बाटली चढते. त्या रक्तातून दुसऱ्याच्या अँटीबॉडी येतात आणि अँटी-एचबीसी उसना पॉझिटिव्ह दिसू शकतो. इम्युनोग्लोब्युलिन (दुसऱ्यांच्या तयार अँटीबॉडी) दिले तर तसेच. उलट केमो सुरू झाल्यावर रुग्णाची स्वतःची अँटीबॉडी खाली जाऊन निगेटिव्ह दिसू शकते. नुकतीच लस घेतली असेल तर एचबीएसएजीही काही दिवस फसवा पॉझिटिव्ह येतो. म्हणून नमुना रक्त चढवण्याआधी आणि पहिल्या केमोआधी, आणि या दोन्ही गोष्टी फॉर्ममध्ये तारखेसह. ‘रक्त चढवले: होय/नाही’ एवढे पुरत नाही. तारीख हवी, कारण नमुन्याच्या आदल्या दिवशीचे आणि दोन वर्षांपूर्वीच्या बाळंतपणातले सारखे नव्हे.

प्रयोगशाळेत एक सापळा आहे आणि त्यात मी फार चांगली माणसे अडकलेली पाहिली आहेत. एलायझा, म्हणजे एका वेळी अनेक नमुने तपासायची पद्धत, तिची प्लेट ९६ खळग्यांची. कंट्रोल (तपासणी बरोबर चालली का ते दाखवणारे ठरलेले नमुने) सोडून नव्वदच्या आसपास नमुने बसतात. किट महाग, प्रबंधाचा खर्च स्वतःच्या खिशातून, म्हणून रेसिडेंट नमुने साठवतो आणि प्लेट भरली की लावतो. आठवड्याला सात-आठ नवे रुग्ण मिळत असतील तर प्लेट भरायला तीन महिने. तोवर पहिल्या रुग्णाच्या चार सायकल झालेल्या असतात. टेबलमध्ये त्याचा निकाल अगदी बरोबर येतो, त्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. मग तुम्ही संशोधन केले की त्याच्या रक्ताचा साठा केला? प्लेटच्या पट्ट्या सुट्या निघतात. आठवड्यातून एक ठरलेला वार धरा, आठ असोत की बारा, त्या दिवशी लावा. किट जास्त लागतील, कंट्रोल वाया जातील, तो खर्च बजेटमध्ये आधीच दाखवा. एखाद्या विभागात स्वयंचलित केमिल्युमिनेसन्सचे यंत्र असेल तर प्रश्नच मिटतो, तिथे एकेक नमुना चालतो. आणि एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो हे लक्षात ठेवून फ्रीजचे तापमान रोज सकाळ-संध्याकाळ वहीत टिपा. लाइट गेलेल्या रात्रीचीही नोंद त्यात असू दे.

आता आकडा. हिपॅटायटिस बीचे प्रमाण ३ टक्के धरू. शंभरांत तीन सापडले, तर ९५ टक्के विश्वासाची कक्षा (खरे प्रमाण ज्या पट्ट्यात असावे तो) ०.६ ते ८.५ टक्के. म्हणजे ‘अगदी विरळ’पासून ‘भयंकर’पर्यंत काहीही. एचआयव्ही शंभरांत शून्य आला तरी खरे प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकते. ३ टक्के प्रमाण २ टक्क्यांच्या अचूकतेने (म्हणजे दोन टक्के इकडेतिकडे) मोजायला सुमारे २८० रुग्ण लागतात, १ टक्क्याच्या अचूकतेने १,११८. एका रेसिडेंटला दीड वर्षात अकराशे जमणार नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

म्हणून माझा सल्ला असा की मुख्य प्रश्नच बदला. ‘किती टक्के बाधित?’ हा दुय्यम ठेवा. मुख्य प्रश्न हा घ्या: नव्याने नोंदलेल्या रुग्णांपैकी किती जणांचा पूर्ण रिपोर्ट पहिल्या केमोच्या आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या हातात पडला? त्याचे आधीचे उत्तर कुणाकडे नाही, म्हणून ५० टक्के धरायचे, ५ टक्क्यांची अचूकता घ्यायची, रुग्ण लागतात ३८५. हे जमण्यासारखे आहे. आणि त्याच ३८५ मध्ये हिपॅटायटिस बीचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आले तर ते सुमारे १.७ टक्क्यांच्या अचूकतेने फुकटात मिळते. फक्त त्या ११-१२ पॉझिटिव्हांवर वय, लिंग, तालुका, व्यवसाय, गोंदण, जुनी इंजेक्शने असे दहा घटक लावून रिग्रेशन (कोणत्या घटकाचा संसर्गाशी संबंध आहे ते काढायचे गणित) करू नका. बाराजणांवर तेवढे ओझे टाकले की कॉम्प्युटर काहीतरी छापतो, पण त्याला अर्थ नसतो.

यासाठी रजिस्टरमध्ये पाच तारखा पाडा: ओपीडीत नोंद, रक्त घेतले, रिपोर्ट तयार, रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिला, पहिली केमो. माझ्या दृष्टीने हा सगळा प्रबंध या पाच रकान्यांत आहे. चौथा रकाना भरायला सर्वांत अवघड जाईल, कारण ‘तयार’ आणि ‘पाहिला’ यांच्यामध्ये वॉर्डबॉय, फाइल, सुट्टी आणि बदललेला रेसिडेंट असतो. तो रकाना रिकामा राहिला तर तेही निरीक्षणच आहे.

कोणाला मोजायचे? लागोपाठ नोंदलेला प्रत्येक नवा प्रौढ रुग्ण. भेटला तो घेतला, असे नाही. जो सुटला त्याचेही वय, कॅन्सरचा प्रकार आणि सुटण्याचे कारण लिहायचे. आषाढी वारीच्या दिवसांत पंढरपूर, सांगोला, माळशिरसकडचे रुग्ण येत नाहीत, जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत शहरातले तारीख पुढे ढकलतात. म्हणून अभ्यास किमान पूर्ण वर्षाचा हवा. लिव्हरचा प्राथमिक कॅन्सर असलेले रुग्ण वेगळ्या गटात ठेवा. बी आणि सी हे त्या कॅन्सरचेच कारण असतात, त्यांना एकत्र मिसळले की तुमची टक्केवारी विनाकारण फुगते. काही लिम्फोमांनाही हे थोडे लागू होते. आणि तुलनेसाठी रक्तपेढीतले रक्तदाते घ्यायचे म्हणता, ते घेऊ नका. रक्तदाता बहुतेकदा तरुण पुरुष, आणि प्रश्नावलीतून चाळून आलेला. तुमची रुग्ण पंचावन्न वर्षांची, तीन बाळंतपणे आणि एक ऑपरेशन झालेली. या दोघांची तुलना कशाचेच उत्तर देत नाही.

अमेरिकेत स्वॉग या संशोधन-गटाने हाच विषय १८ केंद्रांत घेतला, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. नव्याने निदान झालेल्या ३,०५१ रुग्णांत हिपॅटायटिस बीचा जुना संसर्ग ६.५ टक्के, चालू संसर्ग ०.६, सी २.४ आणि एचआयव्ही १.१ टक्के. तुमच्या प्रस्तावनेत हे आकडे येतीलच, पण मला त्यातला वेगळा आकडा महत्त्वाचा वाटतो: चालू हिपॅटायटिस बी असलेल्यांपैकी ४२ टक्क्यांना तो आहे हे माहीत नव्हते, सीच्या बाबतीत ३१ टक्क्यांना. म्हणजे त्यांनी ‘आधी माहीत होते का?’ हे प्रत्येकाला विचारले होते. तुम्हीही विचारा. तिथल्या टक्केवारीवरून इथला सॅम्पल साइज मात्र काढू नका, तिथली लोकसंख्या आणि आपली वेगळी.

परदेशापर्यंत जायचीही गरज नाही. आपल्या शेजारी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालयाच्या आधाराने उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा जो अभ्यास झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रिया, गावांचे ५२ समूह, एचपीव्ही चाचणी, पॅप स्मिअर, ॲसिटिक ॲसिड लावून पाहणी, आणि नेहमीचीच सेवा असे चार गट. त्यांनी ‘किती पॉझिटिव्ह’ यावर थांबायचे ठरवले नव्हते. पुढे किती जणींचा कॅन्सर वाढलेल्या अवस्थेत सापडला आणि किती मृत्यू झाले हे मोजले. एचपीव्ही गटात मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलना-गटातल्या स्त्रियांना तपासणी न देण्यावर नंतर नैतिक वाद झाला, आणि तो वाद तुम्ही वाचावा असे मला मनापासून वाटते. कारण तुमच्याही अभ्यासात तशी एक जागा आहे: एचबीएसएजी पॉझिटिव्ह रुग्णाला प्रतिबंधक औषध न देता ‘संसर्ग उसळतो का’ हे नुसते बघत बसता येणार नाही. त्याला एंटेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर सुरू व्हायलाच हवे, आणि केमो संपल्यावर किमान १२ महिने चालू राहायला हवे. नाव काढून टाकून उरलेल्या सीरमवर गुपचूप तपासण्या करण्याची कल्पनाही त्याच कारणाने सोडा. पॉझिटिव्ह सापडला पण कोण ते माहीत नाही, ही अवस्था इथे माफ करता येत नाही.

औषधाची सोय आहे. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून चालू आहे, त्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. एचआयव्हीसाठी एआरटी केंद्र (एचआयव्हीवरची औषधे देणारे). सिनॉप्सिस देण्याआधी या दोन्ही ठिकाणी स्वतः जाऊन भेटा, पाठवलेला रुग्ण कोणत्या वारी, कोणाकडे, कोणता कागद घेऊन जाईल ते ठरवा आणि तसे लेखी घ्या.

शेवटचा भाग संमतीचा, आणि सर्वांत जास्त रुग्ण तुम्ही इथेच गमवाल. माहितीपत्रकाच्या माथ्यावर ठळक अक्षरात ‘कॅन्सर रुग्णांमधील...’ असे असते. ओपीडीच्या बाकावर मुलगा ते वाचतो, कागद उलटा करून मांडीखाली ठेवतो आणि उठून बाजूला येऊन सांगतो, “डॉक्टर, आईला गाठ आहे एवढंच सांगितलंय. हा शब्द नका काढू तिच्यासमोर.” आई तिकडून बघत असते. हे आठवड्यातून दोनदा होईल. पत्रकावरचा शब्द बदलून सही घेणे ही फसवणूक आहे, ते करायचे नाही. मुलाची सही आईच्या वतीने चालत नाही, ती शुद्धीत आहे आणि तिला समजते. अशा वेळी आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगा. ते आईला विचारतील की तिला स्वतःच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे. बरेचदा तिला ठाऊक असते, आणि ती पोराला जपत असते. तिला जाणून घ्यायचे नसेल तर ती अभ्यासात येणार नाही. पण हिपॅटायटिसची तपासणी तिच्या उपचाराचा भाग म्हणून तरीही व्हायला हवी, आणि रजिस्टरमध्ये ‘निदान न सांगितल्याने सहभाग नाही’ अशी नोंद हवी. ही नोंद मी आजवर फार थोड्या प्रबंधांत पाहिली आहे.

भाषेचेही बघा. शहराच्या पूर्व भागातले आपले पद्मशाली (विणकर समाजाचे) रुग्ण घरी तेलुगू बोलतात, पण अनेकांची शाळा मराठीत झाली, तेलुगू लिपी वाचता येत नाही. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडे कन्नड, शहरात दखनी उर्दू. नैतिकता समितीसाठी चार भाषांतरे जोडा, पण खरी संमती बोलून होते; त्या भाषेत सावकाश समजावणारा माणूस शोधा आणि तो नातेवाईक नसावा. अंगठा असेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. ‘पांढरी कावीळ’ म्हटल्यावर जो चेहरा समजतो तो ‘हिपॅटायटिस बी’ म्हटल्यावर कोरा राहतो, म्हणून दोन्ही शब्द वापरा. एचआयव्हीची संमती स्वतंत्र घ्या. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गोपनीयता दोन्ही बंधनकारक आहेत. रिपोर्ट फाइलच्या दर्शनी पानावर लाल शाईने लिहायची सवय अजून काही ठिकाणी आहे, ती तुमच्या अभ्यासात शिरू देऊ नका.

सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक काम करा. येत्या सोमवारी साधी दोनशे पानी वही घेऊन कॅन्सर ओपीडीत बसा. कोणाचे रक्त घेऊ नका, काही विचारू नका, फक्त पहिल्या दहा नव्या रुग्णांच्या पाच तारखा लिहायला घ्या आणि पहिली केमो होईपर्यंत त्यांच्या मागे राहा. दहापैकी किती जणांचा चौथा रकाना भरला ते मला कळवा. मग सॅम्पल साइज पुन्हा एकत्र बसून काढू.